बंपरचं डावं टोक

गॅरेजात चाळीस वर्षं काढूनही ज्याला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, असा माणूस सहसा सापडत नाही. बंपरकाका तसे होते. बॉनेटच्या आत काय चालतं याची त्यांना फिकीर नव्हती. कोणी विचारलंच तर सरळ सांगत, "आतलं आतल्यांना विचारा. माझं खातं बाहेरच्या चमकेचं." गाडीवर जे जे चमकायला हवं ते सगळं त्यांचं: बंपर, दारांच्या मुठी, काचांभोवतीच्या पट्ट्या, दिव्यांची कडी, चाकांच्या टोप्या. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते आठवायला मालकालाही डोकं खाजवावं लागे. बायकोसुद्धा शेजाऱ्यांशी बोलताना 'आमचे बंपर' म्हणायची आणि वर त्यांच्याकडे बघून हसायची.

जुन्या गाडीच्या क्रोमबद्दल काका फार हळवे होते आणि हळवी माणसं असतात तसे भयंकर तापट. क्रोमचा मुलामा म्हणजे दुधावरची साय, असं ते म्हणत. खाली निकेल, त्याखाली बरेचदा तांबं आणि तळाशी पोलाद. वरची साय एकदा गेली की घासून परत येत नाही. म्हणून त्यांचे कायदे कडक होते. गाडी आधी सावलीत उभी करायची, आणि धातू हाताला गार लागेपर्यंत तिला शिवायचं नाही. मग साबणाचं पाणी, तेही भरपूर, कारण फडक्याखाली वाळूचा एक कण राहिला तरी तो ओरखडा काढून मोकळा होतो. मग खिशातलं लोहचुंबक काढायचं. चिकटलं तर पोलादावरचं क्रोम. नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम असेल, नाहीतर चक्क प्लास्टिक, आणि त्यावर क्रोमचं पॉलिश चोळणाऱ्याची काका बिनपाण्याने हजामत करत. गंजाचे बारीक ठिपके असले तर चांदीच्या कागदाचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवायचा, कारण तो कागद क्रोमपेक्षा मऊ. शेजारच्या रंगावर आधी चिकटपट्टी लावायची. पॉलिश बोटावर मावेल एवढंच, जागा तळहाताएवढीच, आणि शेवटी मेणाचा एक हात. एकदा एका मेकॅनिकने बंपरला तारेची घासणी लावली, तर काका पळत येऊन ओरडले होते, "अरे, खरकटी कढई वाटली का तुला ती?"

पण सगळ्यात मोठा कायदा वेगळाच होता. हात थांबवता आला पाहिजे. "चमकवणं काय, कोणालाही जमतं," ते म्हणत. "थांबायला शिकताना माझी दहा वर्षं गेली."

थांबायचं कधी, हे मात्र ते स्वतः ठरवत नसत. ते काम बायकोचं होतं. दुपारी एकला ती डबा घेऊन गॅरेजात यायची, डबा बाकावर ठेवायची आणि त्या दिवशीच्या बंपरसमोर वाकून उभी राहायची. त्यात स्वतःच्या भुवईचे केस वेगवेगळे दिसले तर म्हणायची "पास". नाही दिसले तर "नापास", आणि मग काका जेवणाआधी पुन्हा फडकं उचलत. गाडीचा धनी बाहेर ताटकळत उभा असला तरी तिने पास केल्याशिवाय गाडी हलत नसे. मालक सुरुवातीला चिडायचा. पुढे पुढे तोच धन्यांना सांगू लागला, "जरा थांबा, परीक्षक यायचेत."

काकांची स्वतःची गाडी त्यांच्याकडे आली ती अशी, की एका धन्याने ती दुरुस्तीला म्हणून आणली आणि परत कधी तोंडच दाखवलं नाही. तीन वर्षं ती गॅरेजच्या मागे उभी होती. आतून कोंबड्यांचं खुराडं झालं होतं, पण सगळं क्रोम अंगावर शाबूत. काकांचा जीव तिच्यावर जडला. शेवटी मालक म्हणाला, "न्या बाबा घरी, जागा तरी मोकळी होईल." मेकॅनिकांनी मिळून ती चालती केली, आणि काकांनी ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून उभी केली. नाक मागच्या दाराकडे, जरासं तिरकं.

तोवर काका रविवारीही गॅरेजात जात. घरी बसून करायचं काय, हा त्यांचा प्रश्न असायचा, आणि बायको एकटीच पायरीवर शेंगा सोलत बसे. गाडी आल्यावर मात्र रविवार घरी जाऊ लागला. सकाळी चहा झाला की काका बादली, फडकी आणि डबे घेऊन बंपरसमोर पाटावर बसत आणि ती मागच्या दाराच्या पायरीवर बसे. तिच्या मांडीवर शेंगांची परडी नाहीतर उसवलेलं काहीतरी असे. काकांची तिच्याकडे पाठ. ती बोलत राही, ते "हं" म्हणत राहत. मुलगी तेव्हा लग्न होऊन दूरच्या शहरात गेली होती. तिची पत्रं आणि पुढे तिचे फोन, शेजारणीचं गुडघ्याचं दुखणं, नळाला आलेलं गढूळ पाणी असं सगळं त्या पाठीला सांगून व्हायचं.

महिन्याभरात गाडी पुरी झाली. दारांच्या मुठी पास, पट्ट्या पास, चाकांच्या टोप्या पास. मागचा बंपर पास. पुढच्या बंपरचं उजवं टोक तर तिने पायरीवरून न उठताच पास केलं. राहिलं ते फक्त डावं टोक. पायरीपासून दोन हातांवरचं, जिथे बंपर वळसा घेऊन चाकाकडे जातो ते.

"नापास," ती म्हणाली.

"काय कमी आहे?"

"अजून थोडं आहे."

"अगं, पण काय? डाग आहे का? ओरखडा आहे?"

"ते तुम्हाला कळायला हवं. गॅरेजात एवढी वर्षं काय केलंत?"

पुढच्या रविवारी पुन्हा नापास. त्याच्या पुढच्याही. काकांनी फडकं बदललं, पॉलिश बदललं, शेडच्या पत्र्यात झरोका पाडून उजेड बदलला. एकदा वैतागून म्हणाले, "बरं, ते राहू दे. मी तोवर उजव्या टोकाला पुन्हा एक हात देतो." तर ती जवळजवळ ओरडलीच, "नको! आधी हे पास होऊ द्या." अशी अकरा वर्षं गेली. अकरा वर्षांत एकदाही ते टोक पास झालं नाही, आणि काकाही हट्टाला पेटलेले. रविवार उजाडला की पाट घेऊन तिथेच.

एक गोष्ट त्यांना कधी उमगली नाही. ती मागे बसलेली असे, आणि तरी मधेच म्हणे, "ओठ सोडा. किती चावाल?" आणि खरंच त्यांचा खालचा ओठ दातात असे. किंवा म्हणे, "कपाळाला काळं लागलंय, डाव्या बाजूला." ते हात लावून बघत, तर बोट काळं होई. "तुला कसं कळतं गं?" असं विचारलं की ती म्हणे, "इतकी वर्षं संसार केलाय, आंधळी नाही मी." काकांना ते उत्तर पटायचं. बायकांना पाठीमागून कळत असतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली.

चार वर्षांपूर्वी ती आजारी पडली आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. दवाखान्यातल्या शेवटच्या रविवारी काका खाटेजवळच्या स्टुलावर बसले होते. हाताला काम नाही, तिच्याकडे पाठ नाही, त्यामुळे काय बोलावं ते त्यांना सुचेना. शेवटी म्हणाले, "आता तरी पास कर गं ते टोक."

ती हसली. मान हलवून म्हणाली, "मला घरी येऊ द्या. मग बघू."

ती घरी आली नाही.

त्यानंतर काका रविवारची वाट बघेनासे झाले. गॅरेजातली नोकरी आधीच सुटली होती, आता रोजच सकाळी पाट घेऊन डाव्या टोकाशी बसू लागले. पूर्वी बोलण्याच्या नादात हात हलका पडे, मधे चहा येई, मधे शेंगांची परडी सांडे आणि दोघं मिळून त्या वेचत. आता मधे काहीच येत नव्हतं. हात चालत राही. पायरीवर कोणी नसे, म्हणून ते तिकडे बघतही नसत. कधी कधी दिवसभरात तोंडातून शब्द निघाला नाही हे त्यांना संध्याकाळी दूध तापवताना, स्वतःचं खाकरणं ऐकून कळे. मग ते मोठ्याने म्हणत, "दूध उतू जातंय," आणि गॅस बंद करत.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. बॅटरी दोनदा मेली होती, टायर बसले होते. मुलीने फोनवर दोन महिने समजावलं आणि शेवटी गिऱ्हाइकही तिनेच शोधलं. शाळेतले चित्रकलेचे मास्तर होते, जुन्या गाड्यांवर जीव असलेले. रविवारी सकाळी येऊन बघतील, पसंत पडली तर दुपारी चारला गाडी घेऊन जातील, असं ठरलं. मुलगीही त्या दिवसापुरती येणार होती, संध्याकाळच्या गाडीने परत.

काकांनी कॅलेंडर पाहिलं. मधे सहा दिवस होते. गाडी जायची तर जाऊ दे, पण नापास म्हणून जाता कामा नये. त्यांच्या हातून आजवर एकही नापास गाडी बाहेर पडली नव्हती, आणि पहिली बाहेर पडणार ती स्वतःची.

अडचण अशी की पास करणार कोण? त्यांचे डोळे तर गेलेलेच, भुवईचा केस सोडा, आख्खी भुवई धूसर दिसे. सोमवारी त्यांनी शेजारच्या वहिनींना बोलावलं. वहिनी वाकल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, आरसाच की हो!"

"नीट बघा. काही कमी नाही?"

"छे! काय कमी असणार?"

मंगळवारी दूधवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "एक नंबर!" बुधवारी कुरिअरवाला आला, त्याने बंपरमध्ये बघून केस सारखे केले, फोनवर स्वतःचा फोटो काढला आणि पाकीट न देताच निघाला. त्याला हाक मारून परत बोलवावं लागलं. काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. पास करणारे ढीगभर होते. नापास म्हणणारं कोणी राहिलं नव्हतं.

गुरुवारी त्यांनी ते केलं, जे गॅरेजातल्या कोणाला करताना पाहिलं असतं तर त्याच्या हातातून फडकं हिसकावून घेतलं असतं. रंगावरचे ओरखडे घालवायचं खरखरीत कंपाउंड फळीवर होतं. तो डबा त्यांनी उघडला. तिला जे दिसत होतं ते आपल्याला दिसत नाही, मग ते वरच्या थरातच कुठेतरी असणार, तो थोडा उतरवला की निघेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. चार वर्षं रोज घासून साय आधीच पातळ झाली होती, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळलं असतं? पण त्या सकाळी ते कारागीर नव्हते. नवरा होते, आणि जाब मागायला बसले होते.

त्यांनी घासलं. दुपारचं जेवण राहिलं तरी घासलं. शुक्रवारीही घासलं. शनिवारी सकाळी फडकं ओलं करून जागा पुसली, तर गंजाचा म्हणावा तसा डाग दिसला. चष्मा पुसून नाक टेकेपर्यंत वाकले. मधे नखाएवढा तांबूस ठिपका होता आणि भोवती पेल्याच्या तोंडाएवढं पिवळट वर्तुळ. साय गेली होती. तांबं उघडं पडलं होतं.

काका पाटावर बसून राहिले. मग उठले, कंपाउंडच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं, डबा फळीवर होता तिथे ठेवला आणि घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दिवशी दूध तापवलं नाही.

रविवारी सकाळी मुलगी आली. बापाचा उतरलेला चेहरा पाहून तिने आधी कपाळाला हात लावून ताप बघितला. थोड्या वेळाने मास्तर आले. काकांनी काही लपवलं नाही. गाडीभोवती फिरायच्या आधीच त्यांना डाव्या टोकाशी नेलं आणि म्हणाले, "हे माझ्या हातून बिघडलंय. आधी हे बघा, मग बाकीचं."

मास्तरांनी निरखून पाहिलं. "मुलामा नवा चढवता येईल, काका. बंपर उतरवून देतो करायला. बाकी गाडी म्हणजे नुसती नवरी आहे." पसंत पडली. चारला येतो म्हणाले आणि गेले. खरं तर काकांचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण नवा मुलामा हे शब्द त्यांच्या कानात रुतून बसले.

तीन वाजता चहा झाला. मुलगी पिशवी भरत होती. काका म्हणाले, "उघड्या तांब्यावर मेण लावायला हवं. नाहीतर दमट हवा शिरेल, आणि खालचं पोलाद गंजायला लागलं की चारी बाजूंनी मुलामा सुटेल." ते पाटावर बसायला गेले, पण आठवडाभर उकिडवं बसून गुडघे सुजले होते. अर्ध्यातच थांबले.

"सरका, मी लावते," मुलगी म्हणाली. तिने बाह्या दुमडल्या. "कसं लावायचं?"

"आधी हात लावून बघ, गार आहे ना? आता कोरड्या फडक्याने पूस. हलका हात. मेण वाटाण्याएवढंच. गोल गोल नको, सरळ. हां."

ती पाटावर बसली. काकांना उभं राहवेना. शेडमध्ये खुर्ची नव्हती. ते मागे सरकत सरकत गेले, दाराच्या चौकटीला धरलं आणि पायरीवर बसले.

पंधरा वर्षांत ते त्या पायरीवर पहिल्यांदा बसत होते. बायको बसायची ती जागा घासून गुळगुळीत झाली होती. त्यांनी वर पाहिलं. समोर मुलीची पाठ होती, तिची वेणी होती. आणि तिच्या खांद्याच्या पलीकडे, जिथे बंपर वळसा घेतो तिथे, तिचं तोंड होतं. लिंबाएवढं, पण पुरं. कपाळ, डोळे, नाक. उजव्या टोकात नुसता शेडचा पत्रा दिसत होता. मधल्या भागात तिची पाठच आड येत होती. फक्त या एका वळणात, फक्त या एका पायरीवरून, पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत होता. इतक्या जवळचा की काकांच्या अधू डोळ्यांनाही कळत होतं, तिने खालचा ओठ दातात धरला आहे.

अकरा वर्षं. दर रविवारी काका पाठ करून बसले आणि बायको त्यांच्याकडे बघत बोलत राहिली. त्यांना वाटलं, ती क्रोम बघते आहे. पास केलं असतं तर पाट उचलून ते दुसरीकडे गेले असते, किंवा पुन्हा गॅरेजात. ओठ सोडा, कपाळाला काळं लागलंय. एकदा मागे वळून बघायचं होतं, बस. तेवढं त्यांना सुचलं नाही. आणि ज्या जागी ती त्यांना बघायची ती जागा त्यांनी स्वतःच्या हाताने खरवडून काढली होती. मुलीच्या चेहऱ्याचा एक गाल त्या पिवळट डागात बुडाला होता.

"ओठ सोड," ते म्हणाले.

मुलीने दचकून ओठ सोडला. पण मागे वळली नाही, मेण सुकायच्या आत पसरवायचं होतं. "तुम्हाला कसं दिसलं?"

बाहेर रस्त्यावर कुठलीतरी गाडी थांबल्याचा आवाज आला, मग ती पुढे निघून गेली. मास्तर नव्हते. शेडमधल्या घड्याळात साडेतीन झाले होते.

"झालं बघा," मुलगी म्हणाली आणि फडक्याची घडी घालू लागली. "बघता का येऊन? पास आहे ना?"

बंपरमधला तो लिंबाएवढा चेहरा उत्तराची वाट बघत होता. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"नापास," ते म्हणाले. "अजून थोडं आहे."

मुलीने घडी मोडली आणि पुन्हा मेणाच्या डबीत बोट घातलं.